दुपारची गाडी सोडून द्या

बारावीचा निकाल लागतो, प्रवेश होतो, फी भरून होते आणि मग गावाकडच्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो एसटी गाडीचा. साताऱ्यात शिकणारी कितीतरी मुलं जावळी, कोरेगाव, पाटण, वाई या भागांतून रोज अप-डाऊन करतात. मीही त्यातलीच. जावळी तालुक्यातून येते, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या गाडीला भाग एकची, म्हणजे पहिल्या वर्षाची, बरीच नवी मुलं आहेत. ती जे विचारतात त्याची उत्तरं उभ्या गर्दीत दांडा धरून देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मुख्य सांगणं एकच. तास संपले की दुपारची गाडी पकडून घरी पळू नका. पहिल्या वर्षात मला जे मिळालं, ते बहुतेक सगळं दुपारी एक ते साडेपाच या वेळात मिळालं.

आधी गाडीचंच बोलू, कारण आपला सगळा दिवस तिच्यावर बेतलेला असतो. आमच्या गावात मुक्कामी गाडी आहे. रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपतात आणि सकाळी सहाला गाडी हलते. पावसाळ्यात काचा आतून धुरकटलेल्या असतात, ड्रायव्हरकाका फडक्याने समोरची काच पुसत असतात. कंडक्टरकाका दार ओढून घेण्याआधी एकदा चढाच्या रस्त्याकडे बघतात, कारण वरच्या वाडीतली एक मुलगी रोज पळत येते. ती चढली की डबल बेल. पहिल्या आठवड्यात मला या सगळ्याचा धसका होता, गाडी चुकली तर काय करायचं, हा. दिवाळीपर्यंत त्या गाडीतली अर्धी माणसं घरच्यासारखी झाली. दूध घालायला जाणारे काका, एमआयडीसीत जाणाऱ्या ताई, कोर्टाच्या तारखेला निघालेले आजोबा. जागा धरून ठेवणं, डब्यातली भाकरी वाटून घेणं, पेपरच्या दिवशी कुणीतरी आपल्यासाठी उठून उभं राहणं, हे सगळं त्या गाडीतच झालं.

पास पहिल्याच आठवड्यात काढा. कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाईड घ्यायचं आणि स्टँडवरच्या पासच्या खिडकीवर जायचं. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांश पैशांत महिनाभराचा प्रवास होतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे काही मुली पास काढायचा कंटाळा करतात. रोज येणार असाल तर अर्ध्या तिकिटापेक्षा पासच स्वस्त पडतो, हिशेब करून बघा.

तासांबद्दल फार लिहीत नाही. हजेरी ७५ टक्के लागते, ती ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह असे शब्द कानावर पडतील आणि पहिला महिना डोकं गरगरेल. क्रेडिट म्हणजे विषयाच्या शिकवण्याचं माप. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, एवढं कळलं की टाइमटेबल वाचता येतं. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. मैत्रिणीने घेतला म्हणून तो घेऊ नका, आधी अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या आणि वाचा.

आता दुपार. एक वाजता कॉलेज निम्मं रिकामं होतं. गावाकडची मुलं स्टँडकडे पळतात, शहरातली क्लासला किंवा घरी जातात. मागे राहते ती लायब्ररी, प्रयोगशाळा आणि थोडीशी माणसं. सकाळी ज्या काउंटरवर रांग असते, तिथे दुपारी ग्रंथपाल स्वतः विचारतात, कोणतं पुस्तक हवंय. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बांधून ठेवलेल्या असतात, हे मला तिथेच कळलं. बुक बँकेतून वर्षभरासाठी संच मिळतो, तोही तिथेच कळला. रीडिंग रूममध्ये पंख्याखालची जागा मिळते. घरी गेल्यावर गोठा, पाणी, स्वयंपाक, लहान भावाचा अभ्यास यातून रात्री दहा वाजता पुस्तक उघडायचं, त्यापेक्षा ते दोन तास कितीतरी ताजे असतात.

प्रयोगशाळेचा अनुभव जरा तपशिलात सांगते. बारावीला आमच्याकडे चार-पाच जणांत एक ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडायची काचेची नळी, असायची. धीट मुलगा तिची तोटी फिरवायचा, बाकीचे रीडिंग लिहून घ्यायचे. भाग एकला मॅडमनी प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट दिली. पांढऱ्या फरशीवर कॉनिकल फ्लास्क ठेवायचा, आत आम्ल आणि दोन थेंब फेनॉल्फथॅलीन, वरून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि फ्लास्क हलवला की विरून जातो. हळूहळू तो विरायला वेळ घेऊ लागतो. तिथून पुढे एकेक थेंब. मग एका थेंबाला सगळा फ्लास्क फिकट गुलाबी होतो आणि तसाच राहतो. गडद झाला म्हणजे एंड पॉइंट, म्हणजे थांबायची नेमकी जागा, पुढे गेला. तीनदा करून जुळणारं रीडिंग, म्हणजे सीबीआर, काढायचं. ०.१ मिलीलिटरचा फरक डोळ्याला दिसायला लागला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी रसायनशास्त्र शिकते आहे. हे बॅचच्या गडबडीत होत नाही. मॅडम दुपारी प्रयोगशाळेत असायच्या आणि दुसऱ्या बॅचमध्ये टेबल मोकळं असेल तर पुन्हा करू द्यायच्या. विचारावं लागतं, एवढंच. परवानगीशिवाय आणि शिक्षक हजर नसताना मात्र कशालाही हात लावायचा नाही.

जर्नल, म्हणजे प्रयोगवही, त्याच दिवशी तिथेच बसून पूर्ण करा. सर्टिफाय केलेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही आणि सत्राच्या शेवटी सह्यांसाठी जी झुंबड उडते, त्यात शिकण्यासारखं काहीही नसतं.

वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस सांगायचा तर कासचा. सप्टेंबरमध्ये वनस्पतिशास्त्र विभागाची सहल गेली. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कासही आहे. आम्ही जावळीची मुलं, सोनकी, तेरडा, चवर आमच्या बांधावर असतात, त्यामुळे मला वाटलं होतं, नवीन काय बघणार. सरांनी आम्हाला पायवाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसवलं आणि हातात भिंग दिलं. ओल्या मातीत नखाएवढी तांबूस पानं, त्यावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदू. एका पानाला बारीक किडा चिकटला होता आणि आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकलेले होते. शेजारीच सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. त्या झाडाचे सापळे मुळाशी, ओल्या मातीत असतात. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, पावसाने धुतलेला, त्यात नायट्रोजन कमी. म्हणून या वनस्पती किडे धरून ती कसर भरून काढतात. पुस्तकातली आकृती मी दोन वर्षं काढत होते. ते झाड माझ्या घरापासून इतक्या जवळ उगवतं, हे तेव्हा कळलं. परतल्यावर मी घरी आजीला मोबाईलवरचे फोटो दाखवले. तिने त्यातली निम्मी फुलं ओळखली आणि कोणतं कुठल्या नक्षत्रात येतं तेही सांगितलं. ते मी जर्नलमध्ये समासात लिहिलं, सरांनी त्यावर वेगळी सही केली.

पैशांचं बोलायला मुलं लाजतात. लाजू नका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. दाखले तहसीलकडून मिळायला वेळ जातो, म्हणून जूनमध्येच अर्ज टाका. अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नसतं. तो कॉलेजच्या लॉगिनला छाननीसाठी जातो, त्रुटी निघाली तर परत आपल्याकडे येतो आणि आपण बघितलंच नाही तर तसाच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. ऑफिसातल्या क्लार्कना गाठायचं तर दुपारीच, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते.

कमवा व शिका योजनेची चौकशी करा. साताऱ्यात तर ही गोष्ट सांगायलाच नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षण. माझी एक वर्गमैत्रीण लायब्ररीत पुस्तकांना क्रमांक लावण्याचं काम करायची. महिन्याच्या पैशांतून तिने स्वतःचा पास काढला आणि घरी आईला एक साडी नेली. त्या साडीचा रंग आमच्या सगळ्या गाडीला पाठ होता.

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घाला, हे मी अगदी आग्रहाने सांगते. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि रांगेत उभं राहून हातोहात पोतं पुढे द्यायचं. दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी बांधामागे पाणी गुडघ्याला आलं आणि गावातल्या बायका कपड्यांच्या बादल्या घेऊन तिथेच आल्या. एकीने आम्हा सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. रात्री शाळेच्या खोलीत सतरंज्यांवर झोपताना वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलींशी ज्या गप्पा झाल्या, त्यातल्या तिघी आज माझ्या जिवाच्या मैत्रिणी आहेत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आम्हाला थांबणं जमत नाही. खरं आहे. सुगीच्या दिवसांत घरी हात लागतात, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाची संध्याकाळची गाडी फार उशिरा पोचते आणि मुलींना अंधारात वाडीपर्यंत चालावं लागतं. अशा मुलीला मी रोज थांब असं कधीच म्हणणार नाही. पण आठवड्यातले दोन दिवस ठरवता येतात का, बघा. माझ्या घरी पहिल्या महिन्यात रोज विचारायचे, तास तर बाराला संपतात, मग तू करतेस काय तिथे. मी वडिलांना एकदा कॉलेजात घेऊन गेले. त्यांनी लायब्ररी बघितली, मॅडमशी बोलले, कँटीनला चहा घेतला. त्यानंतर घरून तो प्रश्न आला नाही. पालकांना कॉलेज आतून दाखवा. त्यांनी ते बहुतेक वेळा फक्त प्रवेशाच्या रांगेतूनच बघितलेलं असतं.

टाइमटेबल लागलं की त्याची एक प्रत घरी भिंतीवर चिकटवा. थांबायचे दिवस त्यावर आधीच लिहून ठेवा आणि खाली परतीच्या गाडीची वेळ, ओळखीच्या दोन मैत्रिणींचे फोन नंबर. एनएसएसची नावनोंदणी आणि कमवा व शिकाचे अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच निघतात आणि जागा लवकर भरतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस नोटीस बोर्ड रोज वाचा.