नव्या क्रूझ जहाजासाठी गॉडमदर कशी निवडावी

नव्या क्रूझ जहाजासाठी गॉडमदर, म्हणजे नामकरणाच्या सोहळ्यात जहाजावर बाटली फोडून त्याला नाव देणारी मानाची पाहुणी, निवडायची म्हटली की कंपनीतील बैठक बहुधा प्रसिद्ध नावांच्या यादीपासून सुरू होते. कोणाचे चाहते अधिक आणि कोणाच्या तारखा मोकळ्या, हे प्रश्न वस्तुतः नंतरचे आहेत. हे जहाज कोणत्या प्रवाशांसाठी बांधले आहे, ते कोणत्या बंदरातून सुटणार आहे आणि ताफ्यातील इतर जहाजांहून त्यात वेगळे काय आहे, हे आधी दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे आणि त्या वाक्यांशी जिचे काम मुळातच जुळते अशा व्यक्तीचा शोध घ्यावा. ध्रुवीय सफरींसाठी बांधलेल्या ‘व्हायकिंग ऑक्टँटिस’ आणि ‘व्हायकिंग पोलारिस’ या जहाजांसाठी अॅन बॅन्क्रॉफ्ट आणि लिव्ह आर्नेसन यांची निवड झाली. या दोघींनी २००१ मध्ये स्कीवरून अंटार्क्टिका पार केला होता, त्यामुळे ही निवड का झाली हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. माझ्या मते चांगल्या निवडीची हीच कसोटी आहे.

बंदराचा विचार स्वतंत्रपणे करावा. मोठी प्रवासी जहाजे आता उतारावरून पाण्यात सोडली जात नाहीत, तर कोरड्या गोदीत पाणी भरून तरंगवली जातात. त्यामुळे नामकरणाचा सोहळा जलावतरणापासून वेगळा झाला असून तो पुष्कळदा जहाज जिथून नेहमी सुटणार त्याच शहरात होतो. न्यूयॉर्कहून सुटणाऱ्या ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’साठी २०१३ मध्ये त्या शहरातील ‘रॉकेट्स’ या नृत्यसंघाला हा मान दिला गेला. कनार्ड या ब्रिटिश कंपनीने तर २०२४ मध्ये ‘क्वीन अॅन’साठी एका व्यक्तीऐवजी लिव्हरपूल शहरालाच हा मान दिला.

राजघराण्यातील व्यक्ती हवी असेल, तर तशी परंपरा आपल्या कंपनीकडे आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावे. कनार्डच्याच ‘क्वीन मेरी २’चे नामकरण २००४ मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी केले, ते शोभून दिसले, कारण १९६७ मध्ये त्याच कंपनीच्या ‘क्वीन एलिझाबेथ २’चे जलावतरणही त्यांच्याच हस्ते झाले होते. १९८४ मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ला डायना यांनी नाव दिले आणि २०१३ मध्ये त्याच नावाच्या नव्या जहाजासाठी केट मिडल्टन आल्या, तेव्हाही असाच धागा जुळला. अशा पाहुण्या आल्या की सोहळ्याची वेळ आणि सुरक्षाव्यवस्था आपल्या हातात फारशी राहत नाही, हे गृहीत धरूनच निमंत्रण द्यावे.

जहाज साधारण तीस वर्षे चालते. लोकप्रियता क्वचितच इतकी टिकते. म्हणून उमेदवाराचे नाव या वर्षी किती गाजते आहे यापेक्षा तिचे काम दहा वर्षांनंतरही आदराने सांगता येईल का, हे पाहावे. ‘सेलिब्रिटी एज’साठी २०१८ मध्ये मलाला युसुफझाई यांची झालेली निवड या कसोटीवर उतरते. एमएससी या क्रूझ कंपनीने इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेन यांना एकामागून एक जहाजांसाठी बोलावून त्यांनाच कंपनीची ओळख बनवले, हा दुसरा मार्ग. ‘अल्युअर ऑफ द सीज’साठी २०१० मध्ये फियोना राजकन्या हे अॅनिमेशनपटातील पात्र निवडले गेले, त्यात वादाचा धोका नाही, पण माणसाच्या उपस्थितीचे वजनही नाही. गॉडमदर स्त्रीच असावी ही प्रथाही आता सैल झाली आहे. २०१५ मध्ये ‘नॉर्वेजियन एस्केप’साठी गायक पिटबुल गॉडफादर झाले.

सर्वाधिक सावधगिरी पदावर असलेल्या लोकप्रतिनिधींच्या बाबतीत बाळगावी. २०१५ मध्ये ‘व्हायकिंग स्टार’ची गॉडमदर झालेल्या, नॉर्वेतील बर्गेन शहराच्या महापौरांवर कंपनीशी असलेल्या संबंधांवरून भ्रष्टाचाराचे आरोप झाले आणि चौकशी सुरू झाली, पुढे प्रकरण बंद करण्यात आले, तरी तोवर व्हायची ती चर्चा झालीच होती. परवाना, नोंदणी किंवा बंदर-शुल्क यांबाबत ज्यांच्या सहीची कधीही गरज पडू शकते, त्यांना हा मान देऊ नये. त्यांना समोरच्या रांगेत बसवावे, तेवढे पुरे.

नाव ठरल्यावर मौखिक होकारावर विसंबू नये. छायाचित्रे किती वर्षे वापरता येतील, मानधन द्यायचे की त्यांच्या पसंतीच्या संस्थेला देणगी, प्रतिस्पर्धी कंपनीचे निमंत्रण त्यांनी स्वीकारावे का, आणि सोहळ्यापूर्वी एखादा गंभीर वाद उद्भवल्यास काय करायचे, हे सारे करारात लिहून घ्यावे.

शेवटी बाटली. २००७ मध्ये ‘क्वीन व्हिक्टोरिया’च्या नामकरणाच्या वेळी ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पत्नी कॅमिला यांच्या हस्ते सुटलेली बाटली फुटली नाही आणि नंतर जहाजावर पोटाचा आजार पसरताच वृत्तपत्रांनी त्याचा संबंध थेट त्यांच्याशी जोडला. दोष यंत्रणेचा असला तरी नाव पाहुण्यांचेच छापून येते. म्हणून काचेवर आधी खाच पाडून घ्यावी, तेवढ्याच वजनाच्या बाटलीने आदल्या दिवशी तालीम करावी, दुसरी बाटली जोडून तयार ठेवावी आणि पहिली फुटली नाही तर किती वेळ थांबायचे व कोणाच्या खुणेची वाट पाहायची, हे गॉडमदरला व्यासपीठावर जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे.