माडिया आदिवासी रुग्णाला गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूरला नेताना: निघण्याआधीची यादी

अंथरूण-पांघरूण, ताट-पेला, चार्जर, आधार, रेशन कार्ड. हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त रेशन कार्ड उघडून आत रुग्णाचं नाव आहे का ते वाचून घ्या. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव बऱ्याचदा अजून वडिलांच्या कार्डावरच असतं आणि आधारवर आडनाव वेगळंच लागलेलं असतं. मग माहेरचं कार्ड मागवा, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (मोफत उपचारांची सरकारी योजना) रेशन कार्डावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवून बघतात. भामरागडचं ग्रामीण रुग्णालय किंवा अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत, त्यामुळे पुढेही तसंच असेल असं लोक धरून चालतात. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. मोफत उपचारांचा तो निर्णय आरोग्य खात्याच्या रुग्णालयांपुरता आहे, या दोघांना लागू नाही.

आता ज्यासाठी ही यादी लिहिली ते. सोबतीचा बदली माणूस. मागच्या वेळी यादीत हा नव्हता. गाडीत रुग्णासोबत जो बसतो तो कोणीतरी असतोच, त्याची काळजी नाही. तो तीन-चार दिवसांनी परत जाणार, मग त्याच्या जागी कोण येणार, हे गाव सोडण्याआधी ठरलेलं हवं. नावानिशी ठरलेलं. ‘कोणीतरी येईल’ म्हणजे कोणी येत नाही. घरी लहान पोरं, गुरं आणि रोवणीचे दिवस असले की पहिला माणूस थांबूच शकत नाही, आणि तो उठला की रुग्णही त्याच्यासोबत उठतो. रुग्णालयाच्या वहीत ‘न सांगता निघून गेला’ अशी नोंद होते आणि सगळे रुग्णालाच बोल लावतात. तिथे माडिया भाषा बोलणारं दुसरं कोणी नाही, रात्री पाणी कोणाकडे मागायचं ते कळत नाही, अशा ठिकाणी एकट्याने कोण थांबेल?

बदली माणूस कसा हवा तेही बघा. रुग्ण बाई असेल तर बदलीही बाईच हवी. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, म्हणजे नवरा बाहेर व्हरांड्यात आणि ती आत एकटी. दोघांपैकी एकाला तरी माडिया आणि मराठी दोन्ही यायला हवं. ज्याला मराठी येतं त्याची पाळी ऑपरेशनच्या दिवशी ठेवा. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी काय कापणार, काय काढणार, किती दिवस लागतील हे रुग्णाला माडियात सांगून झालेलं असलं पाहिजे. वॉर्डात गोंडी (माडियाच्या जवळची भाषा) बोलणारा कर्मचारी सापडला तर बरंच, पण रात्रपाळीला तो असेल असं धरू नका. बदलीचं येण्याचं भाडं आधीच काढून वेगळ्या पुडीत बांधून ठेवा आणि ती पुडी गावात आशाताईकडे द्या. रुग्णाजवळ दिली तर खर्च होते. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट लागतं, तेवढं धरून हिशोब करा. अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त आहे, वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणून बदली माणसाने पहिला माणूस परत निघण्याच्या आदल्या दिवशी पोचायचं. त्याच दिवशी नाही. आदल्या दिवशी.

आजारासाठी पूजा-विधी करणाऱ्या गावातल्या पुजाऱ्याला निघण्याआधी भेटा. त्याचं काही करायचं राहिलं असेल तर ते होऊ द्या. गाडी दारात उभी करून घाई केली की घरचे अर्ध्या वाटेतून परत फिरतात. अगदीच तातडीचं असेल तर ‘तुमचं इथे चालू ठेवा, आम्ही रुग्णाला नेतो’ असं त्याच्याशी सरळ बोला, बहुतेक वेळा तो अडवत नाही. गळ्यातला दोरा आणि कडी एक्स-रेच्या आणि ऑपरेशनच्या वेळी काढावी लागतील, हे घरीच सांगून ठेवा. तिथे अचानक कोणी कात्री आणली की विश्वास जातो.

संदर्भ चिठ्ठी, आधीचे सगळे रिपोर्ट आणि असेल तर सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सिकलसेलचा रुग्ण असेल तर वाटेत पाणी पाजत राहा आणि अंगावर घोंगडी ठेवा, कारण पाणी कमी पडलं किंवा थंडी लागली की दुखणं उसळतं. त्याला रक्त लागलं तर बदल्यात रक्तदाता आणायची गरज नसते. कोणी मागितला तर वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडे जा.

पोचल्यावर केस पेपर, मग लगेच आरोग्यमित्राचं, म्हणजे जनआरोग्य योजनेचं काम बघणाऱ्याचं टेबल. योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर पेजसुद्धा नाही, हे सोबतच्या माणसाला दोनदा सांगा. पेज प्यायली की ऑपरेशन पुढे जातं, मुक्काम वाढतो आणि बदली माणूस ठरलेला नसेल तर सगळं तिथेच मोडतं. रुग्णाला जेवण मिळतं, सोबतच्याला मिळेलच असं नाही. तांदूळ बांधून घ्या. कुपोषित मूल असेल तर एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्र) आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, पण मुक्काम दोन आठवड्यांचा असतो, तेव्हा घरच्या बाकी पोरांकडे कोण बघणार ते आधी ठरवा.

सुट्टी. १०८ ची रुग्णवाहिका नेते, घरी आणून सोडत नाही. बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांना १०२ ची गाडी परत सोडते, मागावी लागते. बाकीच्यांनी परतीचे पैसे राखून ठेवायचे. गोळी दिवसा की रात्री घ्यायची ते कळावं म्हणून पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढा. पुढची तारीख आठवडी बाजाराच्या हिशोबाने सांगा, ‘तीन बाजार झाले की’ असं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आशाताई आणि सिस्टर दोघींना पाठवा. टाके अहेरीतच निघतील का, हे सुट्टीआधी डॉक्टरांना विचारून त्याच कार्डावर लिहून घ्या.