लाकडी फळी आणि वाडगा: या चुका टाळा

भाजी चिरायची नवी फळी चार महिन्यांत डुगडुगायला लागली, की आपण लाकडाला किंवा विकणाऱ्याला बोल लावतो. त्याआधी ती धुतल्यावर कशी वाळते ते पाहा.

लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. लाकडातल्या रेषांच्या दिशेने हे जवळजवळ जाणवत नाही. सगळा फरक पडतो तो आडव्या बाजूने. फळी धुऊन ओट्यावर आडवी टाकली, की वरची बाजू वाळते आणि खालची ओलीच राहते. एक बाजू आकसलेली, दुसरी फुगलेली, मग बाक येणारच. म्हणून धुताना दोन्ही बाजू ओल्या करा, लगेच पुसा आणि फळी कडेवर उभी ठेवा. घाईने कडक उन्हात किंवा शेगडीपाशी वाळवली तर बाकावर भागत नाही, तडाच जातो.

बाक आलाच असेल तर खोलगट बाजू खाली करून फळी रात्रभर ओलसर फडक्यावर ठेवा आणि सकाळी उभी करून वाळवा. ताजा बाक यात बराचसा उतरतो. जुना रंध्याशिवाय जात नाही.

सिंकमध्ये भिजत टाकणं आणि डिशवॉशर, दोन्ही बंद. गरम पाण्यात जोडांचा गोंद सुटतो.

दुसरी चूक मायेपोटी होते. लाकूड कोरडं दिसलं म्हणून हाताशी असलेलं स्वयंपाकाचं तेल चोळलं जातं. मीही ते केलंय. आठवडाभर फळी छान चमकली, मग चिकट झाली आणि तिला खवट वास यायला लागला. ही तेलं लाकडात नीट सुकत नाहीत, हवेने खवट होतात. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही. ते सढळ हाताने लावा, रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसून टाका. वर थर हवा असेल तर चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाशांचं मेण मंद आचेवर वितळवून घ्या. जवसाचं तेल सुकतं खरं, पण रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवसतेल भांड्यांना नको; त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. शिवाय जवसतेलाचा बोळा करून टाकलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. तो पसरून वाळवा.

तेलाची वेळ झाली का, हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर थांबा. लाकडात जिरून काळपट डाग पडला तर तेल लावा. वाडग्यावर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा कडक थर, असेल तर तेल आत जातच नाही, नुसतं वर चिकटतं. ओले वाडगे एकात एक रचू नका.

लसूण-कांद्याचा वास जाड मीठ आणि अर्ध्या लिंबाने घासल्यावर कमी होतो. कच्च्या मांसासाठी फळी वेगळीच ठेवा.

काळे ठिपके दिसले तर आधी १२० नंबरचा, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा. ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा २२० ने घासा, मगच तेल लावा. एवढं करूनही बुरशी खोलवर दिसत असेल, किंवा भेगेत सुरीचं टोक शिरत असेल, तर ती फळी स्वयंपाकघरातून बाहेर काढा.