फुटबॉल मॅनेजरमधे प्लेयरला ट्रेट शिकवायच्या आधी हे बघा

आमच्या कोथरूडच्या पोरांची शनिवारी रात्री फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेमची ऑनलाइन लीग चालते, त्यात नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण चांगला यंग प्लेयर साइन केला की लगेच त्याला भराभर ट्रेट, म्हणजे मैदानावरच्या ठरावीक सवयी, शिकवायला लावतो. भावांनो, जरा थांबा. ट्रेटमुळे प्लेयर ती गोष्ट जास्त वेळा करतो, एवढंच. ती किती चांगली करतो हे ठरतं ॲट्रिब्यूटवर, म्हणजे त्या त्या कौशल्याचा 1 ते 20 मधला जो आकडा आहे त्याच्यावर.

म्हणजे लांबून शॉट मारायचा ट्रेट घ्या. लाँग शॉट्स 16 आहे, डिसिजन्सपण बऱ्यापैकी आहेत, तर समोरचा बस पार्क करून, म्हणजे सगळी टीम डिफेन्सला लावून बसला की हाच पोरगा मॅच काढून देतो. पण लाँग शॉट्स 9 असेल तर कडेचा विंगर मोकळा उभा असतो, त्याच्या बाहेरून दुसरा पळत ओव्हरलॅप करत असतो आणि हा आपला पंचवीस यार्डावरून बॉल स्टँडमधे पाठवतो, मूव्ह तिथेच संपली.

आणि इन्स्ट्रक्शन हाफटाइमला बदलता येते, ट्रेट नाही बदलता येत, हे डोक्यात ठेवा. शिकायला महिने जातात, नको झाला तर काढायला परत तेवढीच खटपट. म्हणून आधी जास्त शॉट मारायची साधी इन्स्ट्रक्शन देऊन काही मॅच बघा, जमतंय असं दिसलं तरच ट्रेनिंगला लावा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी कोण खेळतोय. डच विंगर रॉबेन उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने मारणार हे अख्ख्या जगाला माहीत होतं तरी तो थांबायचा नाही, एक तर त्याची क्वालिटी तेवढी होती आणि वर बायर्न म्युनिकमधे बाहेरून फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, लाम पळायचा, मग डिफेंडर कोणाला धरणार? तुमचा विंगर आत येतो आणि फुलबॅक मागेच राहतो, तर ती बाजू रिकामी आणि मधे नुसती गर्दी. उलट दोन्ही फुलबॅकना सतत पुढे जायचा ट्रेट असेल तर त्यांच्या मागची जागा मोकळी. समोर कॉम्प्युटर असेल तर खपून जाईल एखादवेळी, पण ऑनलाइनला समोर माणूस असतो, तो स्काउट रिपोर्ट उघडून तुमचे ट्रेट वाचतो आणि आत येणाऱ्या विंगरला मुद्दाम कमजोर पायावर ढकलायची सेटिंग लावून ठेवतो.

स्ट्रायकर बॉल घ्यायला खाली येतो? छान, पण मग बॉक्समधे घुसणारा दुसरा कोणीतरी पाहिजे. टेम्पो ठरवणारा मिडफिल्डर एकच बरा, त्याचं पासिंग, डिसिजन्स, कंपोजर तिन्ही दमदार असलं पाहिजे. आणि सेंटरबॅकला टॅकलमधे झोकून द्यायची सवय असेल तर मी सगळ्यात आधी तीच काढायला घेतो, कारण एकदा चुकला की पुढे फक्त कीपर, नाहीतर कार्ड.

मेंटरिंगचा, म्हणजे सीनियरच्या हाताखाली पोरं घडवायचा, ग्रुप बनवतानापण लोकं फक्त पर्सनॅलिटी बघतात. सीनियरचे ट्रेटसुद्धा पोरांना लागू शकतात, तेव्हा आधी पोरगा पुढे कुठल्या रोलमधे खेळणार ते ठरवा, सीनियरची ट्रेटची यादी वाचा आणि मगच त्याला त्या ग्रुपमधे टाका.