आपली फाइल मिटा, तिची उघडा

माझ्या स्तनाच्या कॅन्सरची शेवटची केमो होऊन आठ महिने झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा दुसऱ्या बाईसोबत ओपीडीच्या बाकावर बसले. आणि चुकले. मंचरहून आलेल्या त्या ताईंना धीर द्यायला मी म्हटलं, "रेडिएशन संपलं की पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, बस्स." त्यांचा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह होता, म्हणजे ईआर, पीआर या हार्मोनच्या आणि हर-टू या प्रथिनाची, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरची गोळी, ती त्यांच्यासाठी नव्हतीच. डॉक्टर आपली गोळी लिहायला विसरले, या धास्तीने त्या आठवडाभर झोपल्या नाहीत.

नव्या पेशंटसोबत बसायचं हे काम करायचंय म्हणून कुणी माझ्याकडे आली, की मी हेच आधी सांगते. तिच्या बायोप्सी रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-टू कुठे लिहिलंय ते दाखवा. त्याचा अर्थ डॉक्टर सांगतील. तुम्ही तिचे प्रश्न वहीत लिहायला लावा, तिच्याच शब्दांत. डॉक्टरांकडे आत जाताना सोबत नवरा असो की सासू, वही तिच्या हातात हवी. "बाळाला दूध पाजतेय, आता काय करू?" हा प्रश्न एका मुलीने लिहिला होता, घरच्यांपैकी कुणीही तो विचारला नसता.

वॉर्डात आपण होऊन शिरू नका. हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करना भेटा, त्यांची परवानगी घ्या.

पैशाची माहिती मात्र पाठ हवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी उपचाराआधी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाला गाठा. पुण्यात ट्रस्टची हॉस्पिटलं पुष्कळ आहेत. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला फाइलमध्येच ठेवायला सांगा. बायका हे मागायला लाजतात. मीही लाजले असते.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर घरची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा. हे दोनदा सांगा, घरच्यांनाही सांगा.

ऑपरेशननंतर कपड्यांचा विषय तुम्हीच काढा. एक काकू ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवत होत्या. आतून घालायचं कृत्रिम स्तन मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी स्वतःची मॅमोग्राफी जवळ आली, की मी पंधरा दिवस जात नाही. मन थाऱ्यावर नसतं, आणि समोरच्या बाईला ते लगेच कळतं.