सरकारी फाईलचा नंबर कसा वाचावा आणि कसा मागावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीच्या कचेरीत अर्ज दिल्यावर पोच म्हणून जो नंबर मिळतो, तो फाईलचा नंबर नसतो, ही साधी गोष्ट सीमाभागातल्या बहुतेक अर्जदारांना कुणी सांगत नाही. पोचेवर शिक्क्याजवळ लिहिलेला आकडा आवक रजिस्टरचा असतो. टपालात आलेल्या सगळ्या कागदांना तो ओळीने दिला जातो, मग ती रस्त्याची तक्रार असो की मोजणीची विनंती. आपला कागद अमुक तारखेला आत गेला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पुढे तो संबंधित शाखेत जातो, तिथला केसवर्कर (फाईल हाताळणारा कारकून) त्यावर नवी फाईल उघडतो किंवा जुन्या फाईलला तो जोडतो, आणि त्या फाईलच्या नंबराखालीच पुढचे सगळे शेरे आणि आदेश जमा होतात. म्हणून काही दिवसांनी कचेरीत गेल्यावर ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे मोघम न विचारता, ‘या आवक नंबराचा कागद कोणत्या शाखेत, कोणत्या फाईलवर गेला’ असे विचारावे आणि मिळालेला नंबर पोचेच्या मागेच तारखेसह लिहून ठेवावा. खरे तर हा नंबर न मागता मिळायला हवा, कारण नोंदींची सूची व अनुक्रमणिका ठेवण्याचे बंधन माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 ने प्रत्येक कचेरीवर घातले आहे.

आता नंबराची रचना पाहू. समजण्यापुरता ‘एलएनडी/सीआर/112/2019-20’ असा एक नमुना घ्या. पहिली अक्षरे विषय किंवा शाखा सांगतात. महसुली कचेऱ्यांत एलएनडी म्हणजे जमिनीचे काम, एएलएन म्हणजे बिनशेती, एलएक्यू म्हणजे भूसंपादन, एमएजी म्हणजे दंडाधिकारी शाखा आणि ईएसटी म्हणजे आस्थापना. त्यापुढची अक्षरे कोणत्या प्रकारच्या रजिस्टरात नोंद झाली ते दाखवतात, आकडा त्या रजिस्टरातला त्या वर्षाचा अनुक्रम असतो आणि शेवटी वर्ष येते. यातला 112 हा आकडा एकटा काहीच कामाचा नाही, कारण त्याच वर्षी त्याच कचेरीच्या दुसऱ्या शाखेतही 112 नंबरची फाईल असू शकते. शाखा, आकडा आणि वर्ष या तिन्ही गोष्टी, आणि त्यांच्याआधी कचेरीचे नाव, एवढे मिळून फाईलचा पत्ता पूर्ण होतो.

बेंगळुरूच्या सचिवालयाची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे आधी खात्याची अक्षरे, मग अनुक्रम, मग शाखेची अक्षरे आणि शेवटी एकच वर्ष असते. राज्य कर्मचाऱ्यांच्या 2018 च्या वेतनसुधारणेचा आदेश ‘एफडी 6 एसआरपी 2018’ या नंबराने ओळखला जातो, त्यात एफडी म्हणजे वित्त खाते. हीच खात्याची अक्षरे कन्नड आदेशांत कन्नड नावावरून येतात. महसूल खाते इंग्रजीत आरडी, तर कन्नडमध्ये ‘कंदाय इलाखे’वरून ‘कंइ’ होते. कन्नड वाचता न येणाऱ्याला ही दोन वेगळी प्रकरणे वाटू शकतात, पण आकडा, शाखा आणि वर्ष जुळत असतील तर फाईल एकच आहे असे समजावे. नंबर कन्नड अंकांत असेल तर स्वतः अंदाजाने उतरवून घेऊ नये. कन्नड एक घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो आणि एका आकड्याने वर्ष चुकले की शोध भलत्याच रजिस्टरात सुरू होतो. केसवर्करकडूनच तो इंग्रजी अंकांत लिहून घ्यावा.

एकाच प्रकरणाला कचेरीगणिक नवा नंबर पडतो, आणि अर्जदार सर्वाधिक अडतात ते इथेच. फेरफाराविरुद्ध कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 136(2) खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले, तर तिथे अपिलाचा स्वतंत्र नंबर पडतो; त्यापुढे कलम 136(3) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्यास तिसरा. वरच्या कचेरीत तहसीलदार कचेरीचा नंबर सांगून फाईल सापडत नाही आणि खाली अपिलाचा नंबर सांगून मूळ कागद निघत नाहीत. ही साखळी जुळवण्याची सोय मात्र पत्रातच असते. कन्नड पत्रात ‘विषय’ या ओळीखाली ‘उल्लेख’ असते आणि तिथे आधीच्या पत्रांचे नंबर तारखांसह क्रमाने दिलेले असतात. आपल्या अर्जातही विषयाखाली संदर्भ म्हणून हे सगळे नंबर लिहावेत.

जमिनीच्या नोंदींना आणखी एक खबरदारी लागते. फेरफाराचे नंबर गाववार चालतात, त्यामुळे गावाचे नाव नसेल तर नुसत्या नंबराचा उपयोग नाही. जुन्या हस्तलिखित रजिस्टरांत गावाचा अनुक्रम वर्षानुवर्षे सलग चालत असे. ‘भूमी’ या कर्नाटकातल्या जमीन-नोंदींच्या संगणकीकरणानंतरच्या एमआर (फेरफार रजिस्टर) नंबराला मात्र वर्ष जोडलेले असते आणि ते वगळून चालत नाही. मोजणी खात्यात फाईलच्या नंबरापेक्षा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच अधिक उपयोगी पडतो.

दाखल्यांचे काम सोपे आहे. ‘सकाल’ या कर्नाटकाच्या ठराविक मुदतीत सेवा देण्याच्या योजनेतल्या अर्जाला जीएससी नंबर मिळतो आणि त्यावरूनच ऑनलाईन स्थिती पाहता येते. जात व उत्पन्नाच्या दाखल्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा नंबर सीईटी आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत मागतात, म्हणून मूळ दाखल्याची प्रत घरात जपून ठेवावी.

काम निकाली निघाले की फाईल बंद होते आणि तिला वर्ग लावून ती रेकॉर्ड रूममध्ये पाठवतात. महाराष्ट्रात अ वर्ग कायमचा, ब वर्ग 30 वर्षांचा, क-1 वर्ग 10 वर्षांचा, क वर्ग 5 वर्षांचा आणि ड वर्ग 1 वर्षाचा असतो. कर्नाटकातही असाच अक्षरांचा वर्ग फाईलच्या कव्हरवर लिहितात आणि मुदत संपलेल्या फायली नष्ट करतात. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत काम झाल्याबरोबर घ्यावी. ‘फाईल मिळत नाही’ असे उत्तर आले, तर ती कोणत्या वर्गात होती आणि नष्ट केली असल्यास त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे, हे लेखी विचारावे. कोणतीही फाईल मागे काही नोंद न ठेवता नाहीशी होणे नियमाला धरून नाही.

जुना कागद शोधताना आधी त्या वर्षीची हद्द तपासावी. निपाणी आज स्वतंत्र तालुका आहे, पण त्याआधीच्या तिथल्या महसुली फायली चिक्कोडी तालुक्याच्या नावाने उघडलेल्या आहेत. कागवाडच्या बाबतीत अथणी आणि मूडलगीच्या बाबतीत गोकाक पाहावे लागते. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे त्या काळातले कागद मराठीत, काही मोडीतही सापडतात आणि त्यांचे नंबर मुंबईच्या पद्धतीने पडलेले असतात.

तोंडी विचारून काम होत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कलम 6 नुसार तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो, म्हणून इथे कन्नड किंवा इंग्रजीत लिहिणे सुरक्षित. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये; आवक नंबर व तारीख देऊन त्यावर उघडलेल्या फाईलचा नंबर, टिप्पणी भागाच्या (कचेरीतल्या शेऱ्यांच्या पानांच्या) प्रती आणि फाईल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागावी. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. फाईल समोर आली की आधी पानांचे अनुक्रम सलग आहेत का ते पाहावे. टिप्पणीत ‘पान 34 पाहावे’ असा शेरा असेल आणि पत्रव्यवहारात 33 नंतर थेट 36 येत असेल, तर ते तिथेच लेखी नोंदवून त्यावर पोच घ्यावी.