एसएसीडीचा आवाज पारखायचा कसा?

एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा बारकाईने ध्वनी साठवणारी डिस्क. तो फरक कानाला खरंच ऐकू येतो का, ही परीक्षा नागपुरात मे महिन्यात घेऊच नका. खिडकीतला कूलर सुरू असला की तानपुऱ्याचा विरत जाणारा स्वर त्याच्या घरघरीत बुडतो, आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलर बंद करून बसणार कोण? हिवाळ्यातली पहाट बरी. पंखा बंद ठेवा, उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा.

आधी प्लेअर डिस्कचा कोणता थर वाचतोय ते बघा. हायब्रिड डिस्कवर दोन थर असतात: 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा सीडीचा आणि 1 बिट, 2.8224 मेगाहर्ट्झचा डीएसडीचा, म्हणजे एसएसीडीच्या स्वतःच्या ध्वनिपद्धतीचा. सेटिंगमध्ये सीडीला प्राधान्य असेल, तर पैसे एसएसीडीचे आणि ऐकणं सीडीचं.

दोन्ही थर आलटून पालटून ऐकले आणि फरक जाणवला, तरी लगेच हुरळू नका. त्यांचं मास्टरिंग (डिस्कसाठी आवाजावर केलेलं शेवटचं संस्करण) वेगळं असू शकतं, आणि अर्धा डेसिबल मोठा आवाजसुद्धा कानाला 'अधिक खुला' वाटतो. बहुतेक वाद इथेच होतात.

म्हणून दोन्हीकडे मास्टर एकच ठेवा. डीएसडी थर लावून प्लेअरच्या ॲनालॉग आउटपुटमधून ऑडिओ इंटरफेसवर (संगणकात आवाज घेणाऱ्या उपकरणावर) 24 बिट, 96 किलोहर्ट्झने एक मिनिट रेकॉर्ड करा. सर्वांत मोठा आवाज उणे 3 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची प्रत डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) लावून 16 बिट, 44.1 वर, म्हणजे सीडीच्या दर्जावर आणा आणि मग पुन्हा 24/96 करा. नाहीतर सॅम्पल रेट बदलताना होणारी 'टक्' उत्तर फोडते.

मूळ रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्रामही (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) बघा. 22 किलोहर्ट्झला संगीत कड्यासारखं तुटलं असेल, तर मूळ मास्टर बहुधा 44.1चाच. त्याच्या वर हळूहळू दाट होत जाणारं धुकं हा डीएसडीचा स्वतःचा गोंगाट. ते झांजांचं तेज नव्हे.

आता मूळ रेकॉर्डिंग आणि प्रत फूबार या प्लेअर सॉफ्टवेअरच्या एबीएक्स चाचणीत टाका (यात नाव न दाखवता वाजणारी फाइल दोन्हींपैकी कोणती ते ओळखायचं) आणि 16 फेऱ्या घ्या. बायाँची (तबल्याच्या डग्ग्याची) घुमक आणि तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणझणता नाद) ऐकत राहा. 12 किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तरच फरक ऐकू आला म्हणायचं, आठ-नऊ म्हणजे अंदाजपंचे. 2007 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या अशाच चाचणीत 554 पैकी 276 उत्तरं बरोबर होती. गंमत म्हणजे त्याच लेखकांना एसएसीडी ऐकायला सहसा सरस वाटल्या. श्रेय त्यांनी काळजीपूर्वक केलेल्या मास्टरिंगला दिलं.